पिठाचा हवाबंद डबा : ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईने केलेली पारख

झाकणाला चारही बाजूंनी खटके, आतल्या खोबणीत सिलिकॉनची रिंग, पारदर्शक जाड प्लास्टिक, चौकोनी आकार. या घडणीचे डबे बरेच जण बनवतात. मी लिहितेय ते या घडणीबद्दल, म्हणून नाव देत नाही. मी मध्यम आणि लहान अशा दोन मापांचे डबे घेतले आणि एक पूर्ण पावसाळा वापरले. डब्याच्या कामाला पाचपैकी चार तारे. खोक्यावर जे छापलंय त्याला दोन.

डबा दिसायला कसा आहे, कपाटात किती छान बसतो, याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मी तो विकत घेतला त्याचं कारण वेगळं आहे आणि माझी पारखही त्याच कारणाने कडक आहे. माझ्या मुलाला पिठातल्या माइटमुळे (कोळ्याच्या जातीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया, झाला होता. तो नऊ वर्षांचा आहे. त्याला लहानपणापासून धुळीची ॲलर्जी, सकाळच्या शिंका आणि अधूनमधून दमा आहे. पॅनकेकच्या तयार मिश्रणाचं एक पाकीट उघडून, वरचा कागद दुमडून, क्लिप लावून कपाटात ठेवलेलं होतं. हवा दमट होती. त्या पाकिटातले पॅनकेक त्याने आवडीने खाल्ले आणि अर्ध्या तासाच्या आत त्याचे ओठ आणि पापण्या सुजल्या. मग खोकला, घशात काहीतरी अडकल्यासारखं, अंगावर गांधी, उलटी आणि शेवटी छातीतून शिट्टीसारखा आवाज. रुग्णालयात पोचताच डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत त्याचा श्वास मोकळा झाला. पुढे रात्रभर निरीक्षणाखाली ठेवलं, कारण अशी प्रतिक्रिया शमल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकते.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय गव्हावर, अंड्यावर आणि दुधावर गेला. तो साहजिकच होता. पण हे तिन्ही पदार्थ तो रोज खात होता आणि काही होत नव्हतं. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी मग पहिला प्रश्न विचारला तो असा : "ते पाकीट अजून घरात आहे का? कधी उघडलं होतं?" त्वचेवरच्या चाचणीत गहू, अंडं, दूध यांना काहीच आलं नाही. माइटच्या दोन्ही ठिपक्यांवर मात्र चांगली मोठी गांध उठली. नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ताज्या पाकिटाचे पॅनकेक त्याने खाल्ले. काहीही झालं नाही. म्हणजे दोष पदार्थाचा नव्हता, त्या पिठात वाढलेल्या जिवांचा होता.

मी महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. उरलेलं मिश्रण मी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिलं. काळ्या कागदावर चिमूटभर पसरलं, दिव्याची उब लागली आणि पीठ हलायला लागलं. आठ पायांचे, दुधी, अर्धपारदर्शक, पाठीवर लांब केस असलेले. एक मोजेपर्यंत दुसरा दृष्टीच्या टप्प्यातून निघून जायचा. माइटची लांबी ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते. पिठातली अळी, सोंडे, जाळी आपल्याला दिसतात आणि आपण ते पीठ टाकून देतो. माइट झालेलं पीठ मात्र नुसत्या डोळ्यांना पीठच दिसतं. चाळणीतून ते पिठाबरोबरच खाली पडतात. फार झाले तर पिठाच्या पृष्ठभागावर तपकिरी धुळीसारखा थर दिसतो, काही जातींचे माइट चुरगळले की पुदिन्यासारखा वास येतो. पण तोवर संख्या प्रचंड झालेली असते.

या प्रकाराला वैद्यकात 'पॅनकेक सिंड्रोम' असं नाव पडलंय. १९९३ साली अमेरिकेतून बेन्ये या तळलेल्या पदार्थाच्या मिश्रणातल्या माइटमुळे आलेल्या ॲनाफिलॅक्सिसची नोंद प्रसिद्ध झाली. व्हेनेझुएलात काराकासमधले ॲलर्जीतज्ज्ञ मारिओ सांचेझ-बोर्गेस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकापासून असे रुग्ण एकत्र अभ्यासले. जपानमधूनही तयार मिश्रणांच्या पाकिटांमुळे झालेल्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. धुळीतले डर्मॅटोफॅगॉइडिस, उष्ण प्रदेशातला ब्लोमिया, साठवणीच्या धान्यात राहणारे टायरोफॅगस आणि सुइडासिया अशा वेगवेगळ्या जाती यात सापडल्या आहेत. सगळीकडे चित्र जवळपास सारखं : उबदार दमट हवा, उघडलेलं पाकीट, आणि आधीपासून नाकाची ॲलर्जी किंवा दमा असलेली व्यक्ती. त्यात लहान मुलं आणि किशोरवयीन मुलं बरीच आहेत. मुलांच्या बाबतीत मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण "घशात कसंतरी होतंय" हे सांगायला लहान मूल उशीर करतं आणि बघणाऱ्याला ते जेवणाचा कंटाळा वाटतं.

आता डब्याकडे येते. खोक्यावर तीन गोष्टी छापल्या आहेत : पूर्ण हवाबंद, ओलावा रोखतो, पिठाला कीड लागू देत नाही. तिन्ही मी तपासल्या.

हवाबंद आहे का? आहे. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून डबा पाण्याने भरलेल्या टबात बुडवला, वर वजन ठेवलं, बाहेर काढल्यावर कागद कोरडा. पाण्याने भरून उलटा केला, थेंब नाही. चारपैकी एक खटका जरी अर्धवट बसला तरी मात्र त्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं. खटका पूर्ण बसला की टक्‌ असा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय डबा बंद समजू नये. लहान मुलांच्या हाताला हे खटके जड जातात. माझ्या मुलाला मधल्या बाजूचे जमतात, कोपऱ्याकडचे जमत नाहीत. हा गैरसोयीचा भाग आहे, पण मला चालतो.

ओलावा रोखतो का, हा प्रश्न अधिक खोल आहे. माइट पाणी पीत नाहीत. ते हवेतला ओलावा शरीरात ओढून घेतात, म्हणून कोरड्या हवेत सुकून मरतात आणि दमट हवेत झपाट्याने वाढतात. साठवणीतल्या माइटना साधारण ६५ टक्क्यांच्या वरची आर्द्रता आणि २५ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. अशा हवेत टायरोफॅगसच्या अंड्यापासून पूर्ण वाढ झालेला माइट व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून मी डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवला. रिकाम्या, कोरड्या डब्यात आकडा खाली होता आणि बाहेर पाऊस कोसळत असतानाही तो तसाच राहिला. बाहेरचा ओलावा हा डबा खरोखर अडवतो.

पण मग डब्यात पीठ भरलं आणि आकडा चढत साठीच्या पुढे जाऊन स्थिरावला. बाहेरून काही आत आलं नव्हतं. पिठात स्वतःचंच १२ ते १४ टक्के पाणी असतं आणि बंद डब्यातली हवा त्या पाण्याशी समतोल साधते. मला वाटतं, ही गोष्ट डब्याच्या कंपन्यांनी ठळक अक्षरांत सांगायला हवी. हवाबंद डबा पिठाला कोरडं करत नाही. पीठ दमट असेल तर तो दमटपणाही तितक्याच इमानाने आत धरून ठेवतो. दमट दिवशी पीठ तासभर उघडं राहिलं आणि मग डब्यात भरलं, तर आपण त्या दिवसाची हवाच बंद करून ठेवली.

म्हणून तिसरा दावा, कीड लागू देत नाही, मला अर्धाच मान्य आहे. बाहेरचे माइट रिंगमधून आत येत नाहीत. दुमडलेल्या कागदाच्या आणि क्लिपच्या फटीतून ते सहज जातात, त्या मानाने हा डबा फार वरचा आहे. पण जे पाकिटासोबत किंवा चमच्यासोबत आत आले, ते आत आरामात राहतील. हे पडताळायला मी त्याच जुन्या पिठातलं थोडं, स्वयंपाकघरापासून लांब, प्रयोगशाळेतल्या कपाटात, याच घडणीच्या एका वेगळ्या छोट्या डब्यात ठेवलं. काही आठवड्यांनी उघडून पाहिलं तर माइट जिवंत होते. डबा कीटकनाशक नाही.

यावर काहीजण म्हणतील की शिजवल्यावर सगळं मरतंच की. माइट मरतात, हे खरं. पण ॲलर्जी जिवंत माइटची नसते, त्यांच्या शरीरातल्या आणि विष्ठेतल्या प्रथिनांची असते, आणि त्यातली काही प्रथिनं तव्यावरची उष्णता सहन करतात. माझ्या मुलाचे पॅनकेक दोन्ही बाजूंनी नीट भाजलेले होते. माइट झालेलं पीठ फ्रीझरमध्ये ठेवूनही हाच प्रश्न उरतो : जीव मरतात, प्रथिनं राहतात. म्हणून ज्या पिठात ते झाले आहेत ते वाचवायचा कुठलाही उपाय मी करत नाही, सरळ टाकून देते. पीठ वाया घालवू नये असं मानणाऱ्या घरातली मी आहे. तरीही.

मग हा डबा उपयोगाचा कसा? फ्रिजमध्ये. तिथे मात्र हा डबा आणि ही जागा यांची जोडी उत्तम जमते. फ्रिजच्या चार-पाच अंशांत माइटची वाढ जवळजवळ थांबते, आणि डबा पिठाला फ्रिजमधले वास आणि ओल लागू देत नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांनीही नेमकं हेच सांगितलं होतं : गव्हाचं पीठ आणि पिठाची सगळी तयार मिश्रणं बंद डब्यात, फ्रिजमध्ये, थोड्या प्रमाणात. चौकोनी आकाराचा फायदा इथे कळतो, गोल डब्यापेक्षा कमी जागा अडते. फ्रिजमध्ये ठेवून प्लास्टिक ठिसूळ झालं नाही, झाकण वाकलं नाही. रिंग थोडी ताठर होते, त्यामुळे खटके लावायला जरा जास्त जोर लागतो.

फ्रिजमधून काढल्यावर एक पथ्य आहे. थंड पीठ दमट हवेत उघडलं की त्यावर बाष्प धरतं. हवं तेवढं पटकन काढून डबा लगेच बंद करून परत आत ठेवायचा, नाहीतर बंद डबाच बाहेर ठेवून, तो खोलीच्या तापमानाला आला की मग उघडायचा. ओट्यावर उघडा ठेवून फोन घ्यायला जायचं नाही.

आता माझा एक तारा जिथे गेला ती जागा : खोबण. झाकणात रिंग बसते ती खोबण अरुंद आणि खोल आहे. पीठ काढताना उडालेली भुकटी तिथे जाऊन बसते आणि धुतल्यावर पाणीही तिथेच राहतं. पीठ आणि पाणी एकत्र, अंधारात, महिनोन्‌महिने. माइटसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. सुरुवातीच्या काळात मी खोबणीतला गाळ सुईने काढून मायक्रोस्कोपखाली पाहिला, तेव्हा माइट नव्हते पण बुरशीचे धागे होते, आणि टायरोफॅगस बुरशीही खातो. रिंग हाताने निघते हे या डब्याचं मोठं भाग्य. मी घेण्याआधी दुकानात दोन डबे पाहिले ज्यांची रिंग झाकणात कायमची बसवलेली होती. ते मी घेतले नाहीत आणि ॲलर्जी असलेल्या कुणालाही घ्यायला सांगणार नाही. डबा रिकामा झाला की प्रत्येक वेळी रिंग काढायची, गरम पाणी आणि साबणाने ती आणि खोबण घासायची, आणि पूर्ण सुकल्यावरच परत बसवायची. मी रात्रभर सुकत ठेवते. ओल्या डब्यात पीठ भरण्यापेक्षा ते एक दिवस पाकिटातच फ्रिजमध्ये राहिलेलं बरं.

नव्या पिठात जुनं मिसळायचं नाही. तळाशी उरलेलं दोन मुठी पीठ नव्याखाली तसंच राहतं, त्याच्यावर पुन्हा नवं येतं, आणि त्या तळाच्या थराचं वय कुणालाच ठाऊक नसतं. मोठ्या मापाचा डबा घ्यायला मी यासाठीच नाही म्हणते. त्यात पीठ जास्त दिवस राहतं आणि 'वरून भरणं' आपोआप होतं. तयार मिश्रणांसाठी लहान माप, एका पाकिटापुरतं. पाकिटावरचा तारखेचा आणि बॅचचा तुकडा कापून मी डब्यावर चिकटवते आणि उघडल्याचा दिवस त्यावर पेनाने लिहिते. पुन्हा कधी काही झालंच, तर डॉक्टरांना दाखवायला हातात काहीतरी हवं.

काचेच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांशी तुलना कुणी विचारेल म्हणून : काच स्वच्छतेला चांगली, ओरखडे पडत नाहीत, पीठ चिकटत नाही. पण बहुतेक बरण्यांच्या झाकणाच्या आटीत पीठ अडकतं आणि वजनामुळे मुलाला फ्रिजमधून काढता येत नाही. घरात फक्त मोठी माणसं असती तर मी काच घेतली असती. झिपच्या पिशव्या मी वापरून सोडल्या. झिपच्या दातांत पीठ बसलं की ती पूर्ण बंद होतच नाही.

डब्यावर कितीही विश्वास असला तरी ॲड्रेनालिनचं पेन (घरच्या घरी टोचता येणारं तयार इंजेक्शन) आमच्या घरात आणि मुलाच्या दप्तरात आहेच. हे मी डब्याच्या परीक्षणात लिहितेय, कारण एका ओळखीच्या आईने मला विचारलं, "आता डबा घेतलास, मग पेनची काय गरज?" गरज आहे. मुलगा मित्राच्या वाढदिवसाला जातो, सहलीला जातो, बाहेर खातो. तिथल्या स्वयंपाकघरातलं पाकीट कधी उघडलं होतं हे डबा सांगू शकत नाही. ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वासाला त्रास, अंगावर गांधी उठून सोबत उलट्या, एकदम गळून जाणं, खाल्ल्यानंतर यातलं काही दिसलं तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन टोचायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. मुलाला आडवं ठेवायचं, पाय उंच. श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, पण चालवायचं नाही. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नसेल तर दुसरं पेन. ॲलर्जीच्या गोळीने गांधी आणि खाज कमी होते, घशाची सूज आणि पडलेला रक्तदाब तिच्याने सावरत नाही, म्हणून गोळी देऊन वाट पाहायची नाही. मुलाच्या वजनानुसार पेनाची मात्रा बदलते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि मूल वाढेल तशी पुन्हा विचारावी. आणि पीठ फ्रिजमध्ये असलं तरी पेन फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, ते खोलीच्या तापमानाला, उन्हापासून दूर. आमच्याकडे दोन्ही गोष्टी रोजच्या झाल्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे वेगळं सांगते.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या होत्या, त्या इतर पालकांच्याही कानावर असाव्यात. ताप-दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी मुलाला कधी सूज येते का? पॅनकेक सिंड्रोमच्या अनेक रुग्णांमध्ये ही संवेदनशीलताही आढळली आहे. आणि खाल्ल्यावर तो लगेच धावायला, खेळायला गेला होता का? काहींना माइट असलेलं खाऊन व्यायाम केल्यावरच प्रतिक्रिया येते. माझा मुलगा त्या दिवशी टेबलावरच बसून होता, पण हा प्रश्न मला सुचलाही नसता.

डब्याबद्दल उरलेली तक्रार खटक्यांची. पावसाळा संपता संपता मध्यम डब्याचा एक खटका बिजागरीपाशी पांढरा पडला आणि तुटला. तीन खटक्यांवर तो आता हवाबंद नाही. टिश्यूची चाचणी पुन्हा केली, कागद भिजला. त्यात आता सुकी डाळ ठेवते. झाकण वेगळं मिळत नाही, पूर्ण डबाच घ्यावा लागतो, याचं मला वाईट वाटलं. सिलिकॉनची रिंग मात्र सुटी विकत मिळते. घेताना डब्यासोबत एक जास्तीची रिंग मागून घ्या, म्हणजे धुतलेली सुकत असताना दुसरी बसवता येते.